झिरोचा बल्ब घेतलात का?

सातवा महिना लागला की घरात याद्या निघतात. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, डिंक, आळीव, खारीक. ही यादी करायला माणसं पुष्कळ असतात आणि ती कधी चुकत नाही. टोपडी तर आमच्याकडे इतकी जमली होती की बाळाला चार डोकी असती तरी पुरली असती. त्यामुळे त्याबद्दल मी काही सांगत नाही. मला सांगायचंय ते रात्रीबद्दल. पहिल्या मुलीच्या रात्री मी स्वतःच्या हाताने बिघडवल्या. आता हिला पुन्हा आठवा चालू आहे, आणि या वेळच्या यादीत सगळ्यात वर, डिंकाच्याही वर, मी लिहिलंय: झिरोचा बल्ब.

हसू नका. आमच्या झोपायच्या खोलीत तेव्हा एकच दिवा होता, चार फुटी ट्यूबलाइट. सगळी तयारी झाली, पाळणा आला, मच्छरदाणी आली, खोलीला नवा रंगसुद्धा झाला, पण रात्री अडीचला बाळ उठलं की उजेड कुठला लावायचा हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्या तर नाहीच. बाळ कुरकुरलं की मी झोपेत भिंत चाचपडत बटण दाबायचो. ट्यूब दोनदा फडफडायची आणि मग लख्ख. हिचे डोळे दिपायचे, सासूबाई पदर तोंडावर ओढायच्या, आणि आठ दिवसांची आमची कार्टी, जी एवढा वेळ डोळे मिटून नुसतं तोंड मुचमुचवत होती, ती टक्क डोळे उघडायची. दूध पितानाही तिचा एक डोळा ट्यूबकडे. दूध झालं, ढेकर झाला, लंगोट बदलला, तरी मूठ चोखत वर बघतेय. साडेचारला कशीबशी झोपायची, साडेपाचला परत भूक.

पाच आठवडे असे काढले. दोष सगळ्यांना दिला. दृष्ट काढून झाली, हिच्या ताटातली डाळ बंद झाली, पाळण्याची दिशा बदलली. शेवटी मालिशवाल्या मावशींनी एक दिवस खोलीच्या दारातच थांबून विचारलं, "दादा, सकाळचे दहा वाजलेत, पडदे का ओढलेत?" मी म्हटलं, रात्रभर जागी होती, आता झोपलीय, उजेड नको. "आणि रात्री?" रात्री ट्यूब असते, दूध पाजताना दिसायला नको का? मावशी तेलाची वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "रात्रीची दुपार करून ठेवलीत आणि पोरीला बोल लावताय!"

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तीस रुपयांचा बल्ब आणला. चमत्कार झाला असं म्हणत नाही. पोरगी सहा आठवड्यांची होत आली होती, वयाचाही वाटा असणारच. पण दूध पिऊन झाल्यावर दोन-दोन तासांचं जागरण होतं, ते आठ-दहा दिवसांत वीस-पंचवीस मिनिटांवर आलं. तीस रुपये. पाळण्याला आम्ही साडेसहा हजार दिले होते.

कारण साधं आहे. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. पोटात असताना आईच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडला की शरीरात तयार होणारं झोपेचं रसायन, नाळेतून त्याच्यापर्यंत पोचत असतं. नाळ तुटली की तो पुरवठा बंद, आणि बाळाचं स्वतःचं घड्याळ बसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात ते चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी, दिवसा-रात्री सारखंच. ते घड्याळ बसतं उजेड-अंधारावर. आणि एक गंमत बघा, रात्रीच्या आईच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. म्हणजे आई दुधातून निरोप पाठवतेय की रात्र झालीय, आणि बाप डोक्यावर ट्यूब लावून सांगतोय की नाही, दुपार आहे. (दूध काढून ठेवत असाल तर बाटलीवर वेळ लिहा आणि रात्रीचं शक्यतो रात्रीच द्या.)

तर बल्ब. दुकानदार हमखास निळा काढून देईल, कारण झिरोचा म्हटलं की लोक निळाच नेतात. निळा नको. झोप उडवण्यात निळा आणि पांढरा उजेड सगळ्यात पुढे. पिवळट, केशरी किंवा लाल मागा. जुना काचेचा मिळाला तर लक्षात ठेवा, तो नावालाच झिरो, वीज बारा-पंधरा वॅट खातो आणि तापतो. अर्ध्या वॅटचा एलईडी घ्या. छताला किंवा वरच्या होल्डरला लावू नका, बाळ पाठीवर झोपतं, त्याच्या डोळ्यांसमोर छतच असतं. खाली, पलंगाच्या आड, भिंतीकडे तोंड करून लावा. बाळाचं तोंड आणि तुमचे हात दिसले की पुरे, तिथे बसून पेपर वाचता येत असेल तर उजेड जास्त झाला. इन्व्हर्टर असेल तर बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा, नाहीतर ज्या रात्री वीज जाते त्या रात्री मोबाईलचा टॉर्च निघतो आणि तो थेट बाळाच्या डोळ्यांत जातो. दोन घ्या, दुसरा पॅसेजमध्ये, कारण रात्री बाथरूमला जाताना दार उघडलं की तिथला लख्ख उजेड सरळ पाळण्यावर पडतो. आणि ट्यूबच्या बटणावर चिकटपट्टी लावा. चेष्टा नाही, झोपेत हात आपोआप तिथेच जातो. मी लावलीय.

याच यादीची दुसरी बाजू म्हणजे दिवस. बाळंतिणीची खोली काळोखी ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे: वारं लागेल, नजर लागेल, झोपमोड होईल. सासूबाईंशी मी वाद घातला नाही, तुम्हीही घालू नका, फक्त सकाळी सातला स्वतः उठून पडदा सरकवा. दिवसा झोपलेल्या बाळाशेजारी मिक्सर चालू दे, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, भांडी घासू देत. नऊ महिने ते आईच्या पोटातल्या गडगडाटात राहिलंय, कुकरने त्याचं काही बिघडत नाही. दिवसा दूध पाजताना त्याच्याशी बोला, हसा, मोठ्या बहिणीला नाचू द्या. रात्री मात्र सगळं मुकाट्याने. रात्री बाळाकडे बघून "ए लब्बाड" म्हणायचं नाही. मला हे फार जड गेलं होतं, आणि या वेळीही जाईल.

आता अंथरुणाचं. इथे घरातल्या मोठ्यांशी थोडा वाद होईलच, आणि इथे मात्र माघार घेऊ नका. बाळ पाठीवर झोपवायचं, प्रत्येक वेळी, दिवसाही. पालथं नाही, कुशीवर टेकू देऊन नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम सुरू झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास उतरलं. दूध घशात अडकेल ही भीती सासूबाईंना होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं की पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलट पालथ्यापेक्षा धोका कमी. गादी कडक आणि सपाट हवी. कापसाची मऊ गादी, त्यावर आजीने शिवलेली गोधडी, त्यावर दुपटं असा थर लावायचा नाही. मोहरीची उशी कुणीतरी आणतंच, डोकं गोल होण्यासाठी. तिला नमस्कार करून कपाटात ठेवा. लोड, तक्के, मऊ खेळणी, पाळण्याच्या कडेने लावायच्या झालरीच्या गाद्या, काही नको. पाळणा रिकामा दिसतो, भकास दिसतो. तसाच बरोबर आहे.

साडीची झोळी? आमच्या घरात झोळीतच वाढलेली माणसं बसलीयत, मीही त्यातलाच. पण झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीवर टेकते, आणि एवढ्याशा बाळाचा श्वास तेवढ्यानेही कोंडू शकतो. त्यामुळे आमच्याकडे झोळी बंद. झोका द्यायचाच असेल तर सपाट तळाच्या पाळण्यात. रात्री बाळ आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या जागेवर, निदान सहा महिने.

आणि हे आता मी ओशाळून सांगतोय. त्या पाच आठवड्यांत एकदा पहाटे मुलीला छातीवर घेऊन मी सोफ्यावर बसलो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा ती माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या बेचक्यात घसरलेली होती. काही झालं नाही. मी तिला उचलून हिच्या हातात दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन थरथरत उभा राहिलो. सोफा आणि आरामखुर्ची या दोन जागा सगळ्यात वाईट, पलंगापेक्षाही. डोळे जड झाले की बाळ पाळण्यात, रडत असलं तरी पाळण्यात, आणि दुसऱ्याला उठवा. सिगरेट किंवा दारू घेतलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपायचंच नाही, यात कसलीही सवलत नाही.

उबदारपणाचा अतिरेक ही आपली खासियत. एप्रिल-मेमध्येही बाळाला टोपडं, झबलं, मोजे, वर दुपटं, वर शाल. बाळ गरम आहे की गार हे हातपाय लावून बघू नका, ते गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावा. घाम असेल तर एक थर काढा. टोपडं बाहेर नेताना घाला, घरात झोपताना नको, बाळाची जास्तीची ऊब डोक्यातूनच बाहेर पडते. (वजन कमी असलेल्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळाचं वेगळं, तिथे डॉक्टर सांगतील तसं.) पंखा चालतो, एसीही चालतो, झोत अंगावर नको इतकंच. शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी बंद खोलीत अजिबात नाही, कोळशाचा धूर आणि त्यातला न दिसणारा विषारी वायू बाळाला आपल्याआधी लागतो. डासांना अगरबत्ती-कॉइल नाही, मच्छरदाणी.

दुपट्यात गुंडाळणं चांगलं. बाळ झोपेत दचकतं, दोन्ही हात फेकतं आणि स्वतःच्याच हाताने जागं होतं. गुंडाळलं की ते वाचतं. पण कंबरेखाली सैल. पाय सरळ ओढून करकचून बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो, गुडघे बेडकासारखे वाकवता आले पाहिजेत. तोंडाशी कापड येता कामा नये. नर्सकडून दवाखान्यातच शिकून घ्या, घरी आल्यावर घरातले पाच जण पाच पद्धती दाखवतात.

रात्रीची टोपली आधी भरून ठेवा, पलंगावरून हात पोचेल अशा ठिकाणी. डायपर, पुसायला ओला कापूस, एक जादा झबलं, खांद्यावर टाकायचं फडकं, आणि हिच्यासाठी पाण्याची बाटली व दोन लाडू, कारण पाजायला बसलं की तहान लागतेच आणि त्याच वेळी नेमकं बाटली स्वयंपाकघरात असते. लंगोट की डायपर हा वाद दिवसा घाला. रात्री डायपर, ओल्या लंगोटाने बाळ दर तासाला उठतं. शी नसेल तर रात्री डायपर बदलायची घाई नको. बदलायचाच तर एका बाजूचं दूध झाल्यावर बदला, म्हणजे दुसऱ्या बाजूला पिता पिता ते पेंगतं. टोपली का, तर एक वस्तू सापडली नाही की कुणीतरी ट्यूब लावतंच. म्हणजे टोपलीसुद्धा बल्बसाठीच.

बाळ हललं की उचलायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चुळबुळीची असते: कण्हतं, कुंथतं, तोंड वाकडं करतं, पाय झाडतं, मधेच किंचाळतंसुद्धा, आणि ते सगळं झोपेत. मी प्रत्येक आवाजाला झडप घालून उचलायचो आणि झोपलेलं बाळ जागं करायचो. आता ठरवलंय, आवाज आला की आधी मनात साठ आकडे मोजायचे. खरंच भूक असेल तर ते मूठ तोंडात कोंबतं, मान वळवून शोधतं. तेव्हा लगेच घ्या, रडून लाल होईपर्यंत थांबू नका, रडलेलं बाळ प्यायलाही वेळ घेतं आणि झोपायलाही.

उलटही आहे. पहिल्या दहा-बारा दिवसांत बाळ रात्री सहा तास झोपलं तर पेढे वाटू नका. जन्मानंतर वजन थोडं उतरतं आणि भरून यायला दोन आठवडे लागू शकतात. तोवर दर तीनेक तासांनी उठवून पाजायचं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध आणि आठवडाभरानंतर दिवसाला सहा तरी ओले लंगोट, एवढा हिशेब ठेवा. डॉक्टरांनी वजन ठीक आहे म्हटलं की मग झोपू द्या.

झोप यावी म्हणून तोंडात काही घालायचं नाही. मध नाही, वर्षाच्या आत मधाने जिवावर बेतू शकतं. जायफळ उगाळून नाही. घुटी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पोरांना अफूची बाळगोळी देऊन निजवायच्या, नाइलाज होता त्यांचा. आपला काय नाइलाज आहे? पहिले सहा महिने फक्त दूध, आणि डॉक्टरांनी लिहून दिले ते थेंब.

पाळ्या ठरवा. कागदावर. "लागेल तसं बघू" म्हणजे आईनेच बघायचं. पाजायचं काम तिचं असलं तरी उचलून देणं, ढेकर काढणं, बदलणं, परत निजवणं हे बापाला येतं. मी या वेळी रात्री नऊ ते एक घेतलीय. त्या चार तासांत पाजण्यापुरतं सोडून हिने उठायचं नाही. बघायला येणाऱ्या मंडळींना सकाळी बोलवा. संध्याकाळी सात ते दहा बाळ सारखं दूध मागतं आणि किरकिरतं, तेव्हा हॉलमध्ये काकांचं टोळकं नको. बारशाच्या रात्री बाळ झोपणार नाही हे धरून चाला, दिवसभर बारा हातांतून फिरलेलं असतं.

डॉक्टरांकडे कधी, हे भिंतीवर लिहून ठेवा, रात्री तीनला आठवत नाही. ताप १००.४ किंवा वर, दूध पिणं सोडलं, उठवूनही उठत नाही, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, अंग गार पडतंय किंवा निळसर वाटतंय: सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर आत्ताच घ्या. तो माझ्याकडे पहिल्या वेळी होता, बल्ब नव्हता.

पुढचं थोडक्यात, मला आता कंटाळा आला. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त, मग उतरतं, तीन-चार महिन्यांत बरंच संपतं. सहन होईना तर बाळ पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जा, कधीही हलवायचं-झिंजाडायचं नाही. दोन-अडीच महिन्यांत रात्रीचा एक लांब तुकडा पडायला लागतो, तोवर रोज साधारण एकाच वेळी दिवे कमी, अंग पुसणं, दूध, पाळणा. वळायचा प्रयत्न करायला लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद. चौथ्या महिन्यात झोप परत बिघडते म्हणतात, आमची बिघडली होती, तेव्हाचं तेव्हा बघू.

आमच्या कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान रात्री साडेआठला बंद होतं आणि सोमवारी दिवसभर उघडत नाही. तुमच्याकडचं कधी असतं ते बघून ठेवा. पिवळा मागा. दोन.